वर्गणीदाराचं देणं

१९३१ साली लंडनच्या एचएमव्ही कंपनीत वॉल्टर लेग नावाचा पंचविशीतला एक तरुण नोकरीला होता. ह्यूगो वोल्फची गीतं तबकडीवर यावीत हा त्याचा ध्यास. वोल्फ १९०३ मध्येच वारलेला, जाणकारांत मान असलेला आणि दुकानात न खपणारा संगीतकार. हा माल घेणार कोण, हा कंपनीचा सरळ प्रश्न होता. लेगने तोड काढली. आधी पाचशे वर्गणीदार जमवायचे, त्यांचे पैसे आले की मगच गायिकेला स्टुडिओत बोलवायचं. 'ह्यूगो वोल्फ सोसायटी' निघाली, पाचशे नावं जमली, आणि त्यांतली शंभराहून अधिक एकट्या जपानमधली होती. एलेना गेरहार्टच्या आवाजातला पहिला संच लोकांच्या घरी पोचला. याच वाटेने पुढे 'बीथोव्हन सोनाटा सोसायटी' आली आणि आर्थर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बीथोव्हनच्या बत्तीसही सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या.

या व्यवहाराची घडण बघण्यासारखी आहे. काय मिळणार ते ठरलेलं, किती मिळणार ते ठरलेलं, आणि संच हाती पडला की हिशेब मिटला. पुढच्या संचासाठी कंपनीने पुन्हा दारात यायचं, गिऱ्हाइकाने पुन्हा हो किंवा नाही म्हणायचं.

आज एक-दोन खोल्यांतून चालणाऱ्या छोट्या संगीत-प्रकाशकाला जो भेटेल तो 'सबस्क्रिप्शन काढा' असा सल्ला देतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर स्पॉटिफाय असतं. दर महिन्याला खात्यातून आपोआप रक्कम वळती होते, गिऱ्हाइकाला ती आठवतही नाही, अशी व्यवस्था. सल्ल्यामागची निकड मात्र खरी आहे. स्ट्रीमिंगमधून छोट्याच्या हाती काही येत नाही; २०२४ पासून तर स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजाराहून कमी वेळा ऐकलं गेलेलं गाणं ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीला पात्रच धरत नाहीत. नाट्यपदांची किंवा एखाद्या बुजुर्ग तबलियाच्या एकलवादनाची फीत काढणाऱ्याला हा हजाराचा उंबरठाही उंच असतो. सीडी विकत घेणारे राहिले नाहीत. तेव्हा दरमहा ठरावीक पैसे देणारी दोनशे माणसं मिळाली तर किती बरं होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न त्या दोनशे माणसांना बदल्यात काय कबूल करायचं, याचा आहे. गाडी नेमकी तिथे अडते.

छोट्या कंपनीच्या वर्गणीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण सिएटलच्या 'सब पॉप'चं. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघांची ही कंपनी. १९८८ च्या नोव्हेंबरात त्यांनी 'सिंगल्स क्लब' काढला: पैसे आगाऊ भरा, दर महिन्याला सात इंची तबकडी टपालाने घरी येईल. कुणाची येईल ते आम्ही ठरवणार. पहिली तबकडी निर्वाणा नावाच्या तेव्हा कुणाला फारशा माहीत नसलेल्या बँडची होती. हजार प्रती, प्रत्येकीवर हाताने घातलेला क्रमांक. आज त्या प्रतीला संग्राहक मोजतात ती किंमत ऐकून आपण हळहळतो, पण त्या वेळी खुद्द बँड फारसा खूश नव्हता. आपली पहिलीवहिली तबकडी दुकानात न जाता मोजक्या सभासदांतच वाटली जाणार, याचं त्यांना वाईट वाटत होतं. ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. कंपनीला जे 'खास सभासदांसाठी' वाटतं, ते कलाकाराला 'बाकीच्या जगापासून लपवलेलं' वाटू शकतं. नव्या गायकाला आपलं गाणं चार लोकांच्या कानांवर पडावं असं वाटत असताना तुम्ही त्याला दीडशे वर्गणीदारांच्या खोलीत बसवता.

दुसरी गोष्ट पैशाची. क्लबचे पैसे आगाऊ येत होते, नाव होत होतं, आणि तरीही १९९१ च्या सुमाराला सब पॉप दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. 'आमच्याकडे पैसे नाहीत' यातलं नेमकं काय तुम्हाला कळत नाही, अशा अर्थाचे टी-शर्ट त्यांनी तेव्हा छापून विकले. निर्वाणाच्या दुसऱ्या कंपनीकडून निघालेल्या 'नेव्हरमाइंड'वरचा वाटा मिळाला म्हणून ती तगली. आगाऊ वर्गणीने कंपनी वाचत नाही हे इथे दिसतं. कधीकधी तर ती बुडायला हातभारच लावते, कारण हातात आलेली रोकड ही कमाई आहे असा भास होतो.

हा भास हिशेबाने फोडून बघू. समजा, एका प्रकाशकाने पाडव्याला वर्षाची वर्गणी ३,००० रुपये ठेवली आणि दोनशे जणांनी ती भरली. खात्यात ६ लाख आले. पहिल्या महिन्याचं संगीत पाठवून झालं की त्यातले ५० हजार त्याचे झाले; उरलेले साडेपाच लाख हे देणं आहे, येत्या अकरा महिन्यांच्या संगीताच्या रूपात फेडायचं. पण स्टुडिओचं भाडं थकलेलं असतं, मागच्या अल्बमच्या व्हायोलिनवाल्याचं मानधन राहिलेलं असतं. साडेपाचातले तीन लाख ज्येष्ठातच संपतात. मार्गशीर्षातलं ध्वनिमुद्रण मग पुढच्या वर्षीच्या वर्गणीवर करायचं. भिशीचं गणित ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे कुठे जातं ते सांगायला नको.

तरीही मला वाटतं, पैशाहून मोठी अडचण पंचांगाची आहे. मासिक वर्गणी म्हणजे महिन्याला काहीतरी देण्याचं वचन, आणि संगीत महिन्याच्या महिन्याला पिकत नाही. गायकाचा आवाज बसतो, तंबोरे जुळत नाहीत, कवी शेवटच्या कडव्यावर अडतो, मिक्सिंग ऐकल्यावर सगळं पुन्हा करावंसं वाटतं. चार माणसांच्या कंपनीत वर्षाला चार चांगले अल्बम निघाले तरी खूप. उरलेले आठ महिने काय पाठवायचं? मग तालमीच्या फिती येतात, 'न वापरलेले टेक' येतात, गप्पांचे व्हिडिओ येतात. पहिल्यांदा मजा वाटते. सहाव्या महिन्यात वर्गणीदाराला कळतं की आपल्याला तळाशी उरलेलं वाढलं जातंय. ज्या कंपनीचं नाव निवडीवर उभं आहे, तिला निवड सैल करायला लावण्याची ताकद या कॅलेंडरात असते.

आणि वस्तू पाठवायची असेल तर दुसऱ्यांची कॅलेंडरंही सांभाळावी लागतात. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी 'अपोलो मास्टर्स'चा कारखाना जळाला. व्हिनाइल तबकडीची मूळ प्रत ज्यावर कोरतात त्या लॅकर-चकत्या बनवणारे कारखाने जगात दोनच होते, त्यांतला हा एक, दुसरा जपानमध्ये. पाठोपाठ महासाथ आली, मागणी वाढली, आणि छोट्या कंपन्यांना छपाईसाठी कित्येक महिने रांगेत थांबावं लागलं. एरवी अल्बम उशिरा आला तर कुणी विचारत नाही. वर्गणीदार मात्र विचारतो, आणि त्याला तसा हक्क असतो. रॉक गायक जॅक व्हाइटच्या नॅशव्हिलमधल्या 'थर्ड मॅन रेकॉर्ड्स'ची 'व्हॉल्ट' ही वर्गणी २००९ पासून चालू आहे. ती दर महिन्याला नसून तीन महिन्यांतून एकदा आहे. शिवाय २०१७ मध्ये त्यांनी डेट्रॉइटला स्वतःचा तबकड्यांचा कारखानाच काढला. एवढी ऐपत असेल तर माझा हा लेख वाचण्याची गरज नाही.

महिन्याच्या वचनातून सुटण्याची एक वाट म्हणजे नवं काही कबूल न करता साठलेला सगळा खजिना खुला करायचा. इथे दोन जुन्या कंपन्यांचे अनुभव आठवतात. स्वतंत्र कंपन्यांचं संगीत विकणाऱ्या 'ईम्युझिक'ने ठरावीक मासिक रकमेत हवं तेवढं उतरवून घ्यायची मुभा दिली होती. भुकेलेल्यांनी पंगत लुटावी तसं झालं, आणि २००३ मध्ये मालकी बदलल्यावर महिन्याला मोजकीच गाणी, असं करावं लागलं. जॉन बकमनच्या कॅलिफोर्नियातल्या 'मॅग्नाट्यून'नेही सुटे अल्बम विकण्याकडून सभासदत्वाकडे मोहरा वळवला. खजिना खुला करण्यात एक गोम असते: वर्गणीदार पहिल्या महिन्यात हवं ते सगळं उतरवून घेतो आणि दुसऱ्या महिन्यात निघून जातो. नुसतं ऐकू द्यायचं आणि उतरवू द्यायचं नाही म्हटलं, तर तुमची तुलना थेट स्पॉटिफायशी होते. तिथे जगातली जवळजवळ सगळी गाणी आहेत आणि तुमच्याकडे साठ अल्बम.

अभिजात संगीतात हे थोडं वेगळं पडतं, हे मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये २००६ साली लेस्टरला सुरू झालेल्या 'दरबार' महोत्सवाने वर्षानुवर्षांच्या मैफली उत्तम चित्रित करून ठेवल्या आणि त्या वर्गणीवर खुल्या केल्या. एकच यमन चार गायकांकडून ऐकायला कंटाळा न येणारा श्रोता हेच खजिन्याचं खरं गिऱ्हाईक. पण तिथेही आधी महोत्सव उभा राहिला, मग वर्गणी आली.

२०१६ च्या मार्चमध्ये 'ड्रिप' हे वर्गणीचं संकेतस्थळ बंद झालं, ते या विषयातलं सगळ्यांत बोलकं अपयश. ते कुणा बाहेरच्या भांडवलदाराने काढलं नव्हतं. 'घोस्टली इंटरनॅशनल' या मिशिगनच्या छोट्या, चोखंदळ कंपनीच्या माणसांनी आपल्यासारख्याच कंपन्यांसाठी ते उभं केलं होतं. महिन्याला दहा डॉलरच्या आसपास भरा, कंपनी जे जे काढेल ते तुमचं. अनेक नावाजलेल्या छोट्या कंपन्या त्यावर आल्या. तरी चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळला. नंतर किकस्टार्टरने ते नाव घेऊन वेगळ्या रूपात आणलं, तेही टिकलं नाही. एक साधं कारण मला पटतं. श्रोत्याचं प्रेम सहसा गायकावर असतं, कंपनीवर नसतं. दहा कंपन्यांवर प्रेम करणारा श्रोता जगात विरळाच, आणि तो असला तरी शंभर डॉलर महिन्याला काढत नाही.

ड्रिप गेलं तरी दुसऱ्याच्या ऑनलाइन दुकानातून वर्गणी चालवायचा पर्याय उरतो. त्यांतला बँडकॅम्प २००८ पासून आहे, २०१५ च्या सुमारास त्याने वर्गणीची सोय केली, डिजिटल विक्रीतून पंधरा टक्के कापून घेतो आणि ठरावीक विक्रीनंतर दहा. छोट्यांना तो आपला वाटतो. पण २०२२ मध्ये तो एपिक गेम्सने घेतला, २०२३ मध्ये साँगट्रॅडरला विकला आणि जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. पॅट्रिऑनवर बसलेल्यांना २०२४ मध्ये कळलं की आयफोनच्या ॲपमधून येणाऱ्या नव्या सभासदांच्या पैशातून ॲपलला तीस टक्के जाणार. एकेक अल्बम विकणाऱ्याचं अशा वेळी फार बिघडत नाही. तो दुकान बदलतो. वर्गणीवाल्याला दुकान बदलता येत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापण्याची परवानगी त्या दुकानाकडे असते. नव्या ठिकाणी प्रत्येकाला पुन्हा कार्ड घालायला सांगावं लागतं, आणि ते सांगताच निम्मे लोक आपण हे का भरतोय याचा विचार करू लागतात.

भारतात हा विचार करायला रिझर्व्ह बँकच भाग पाडते. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीला नवे नियम लागले. सुरुवातीला ओटीपीने संमती द्यायची, प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं, आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेला दर वेळी नव्याने मंजुरी. ही मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ च्या जूनमध्ये १५,००० झाली. त्या ऑक्टोबरात परदेशी सेवांच्या कित्येक वर्गण्या एका रात्रीत तुटल्या. त्याआधी १ एप्रिल २०२१ पासून पेपॅलने देशांतर्गत व्यवहार बंद केले होते. म्हणजे पेपॅलवर विसंबलेल्या परदेशी दुकानातून डोंबिवलीच्या श्रोत्याने पुण्याच्या प्रकाशकाची वर्गणी भरायची वाटच खुंटली. न्यू जर्सीचा श्रोता मात्र ती सहज भरू शकतो. आपल्या गल्लीतला माणूस परका आणि सातासमुद्रापारचा जवळचा, असा हा उफराटा न्याय. देशी उपाय म्हणजे २०२० मध्ये आलेलं यूपीआय ऑटोपे, आणि ते चांगलं चालतं.

ग्राहक म्हणून मला हे नियम आवडतात. विसरलेल्या वर्गणीवर जगणं हा मोठ्या कंपन्यांचा धंदा आहे, आणि आदल्या दिवशी येणारा 'उद्या २५० रुपये कापले जातील' हा संदेश तो धंदा थोडा अवघड करतो. पण छोट्या प्रकाशकाच्या बाजूने पाहा. त्याचा वर्गणीदार महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सोडून जाण्याची आठवण घेऊन उठतो. दोनशेपैकी महिन्याला पाच टक्के गेले तर वर्षाअखेरीस १०८ उरतात. दोनशेच ठेवायचे तर वर्षात १२० नवे आणावे लागतात. म्हणजे गाण्यापेक्षा गिऱ्हाईक शोधण्यात जास्त वेळ जाणार. मोठ्या भांडवलालाही हे पेललेलं नाही: कोट्यवधी श्रोते मिरवणारी 'गाना' २०२२ मध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली गेली आणि २०२३ च्या अखेरीला तिचा व्यवसाय २५ लाख रुपयांत तिच्याच उद्योगसमूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे गेला. पंचवीस लाखांत पुण्यात बरा फ्लॅटही येत नाही.

आता ज्यावर सहसा कुणी बोलत नाही तो भाग. आलेली वर्गणी कलाकारांत वाटायची कशी? सीडीच्या काळात करार सोपा होता, विकलेल्या प्रतीमागे अमुक टक्के. वर्गणीत प्रत विकलीच जात नाही. चार अल्बमांची वर्गणी घेतली तर पैसे चौघांत सारखे वाटायचे? मग ज्याच्या नावावर निम्मे वर्गणीदार आले तो गायक नाराज. जितकं ऐकलं गेलं त्या प्रमाणात वाटायचे? मग तीन मिनिटांची भावगीतं दिवसातून दहादा वाजतात आणि पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल महिन्यातून एकदा. ख्यालवाल्याच्या हाती चहाचे पैसे. मिनिटं मोजावीत म्हटलं तर भावगीतवाला विचारतो, मी थोडक्यात सांगितलं ही माझी चूक का? इमानदारीने विचार करणारा प्रत्येक प्रकाशक इथे अडखळतो. मला स्वतःला सारखी वाटणी बरी वाटते, पण ती पहिल्या दिवशी, सगळ्यांना एकत्र बसवून, कागदावर ठरलेली असावी.

जुन्या फिती असतील तर गुंता वाढतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दोन गोष्टी आल्या. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हक्क दिले गेले असं धरायचं नाही, हे तत्त्व आलं. ही दुरुस्ती जुन्या करारांना कितपत लागू होते यावर वकील वाद घालोत. १९८५ मध्ये 'कॅसेट काढण्यासाठी' म्हणून सही घेतलेल्या मैफलीला वर्गणीच्या खजिन्यात टाकण्याआधी गायकाच्या घरी, आणि हो, तबलजीच्याही घरी जाऊन यावं हे उत्तम. हार्मोनियमवाल्याचा मुलगा आता कुठे राहतो हे शोधण्यात महिना जातो. तो खर्च वर्गणीच्या आकड्यात कुणी धरत नाही.

टपालाबद्दल थोडक्यात. परदेशी वर्गणीदार हे मराठी प्रकाशकाचं हक्काचं गिऱ्हाईक, पण वर्षभराची वर्गणी घेतल्यावर दर बदलले तर फरक प्रकाशकाच्या खिशातून जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही काळ थांबवावी लागली. वस्तूची वर्गणी विकणाऱ्याने त्या आठवड्यांत काय उत्तर दिलं असेल?

मराठी माणसाला वर्गणी नवी नाही. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. गेल्या पिढीच्या संपादकांना 'अंक मिळाला नाही' या मजकुराची पोस्टकार्डं पाठ असायची. १९७४ च्या सुमारास 'ग्रंथाली'ने वाचकांना सभासद करून, त्यांच्या पैशांवर पुस्तकं काढून ती स्वस्तात त्यांच्या हाती दिली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये ग्रंथालीनेच प्रकाशित केलं. आणि संगीतात तर सभासदत्वाची परंपरा जुनी. कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्याचा भारत गायन समाज, उपनगरांतली म्युझिक सर्कल्स. तिथे वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला वर्षातल्या बैठका ऐकायला मिळत, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या इतर वर्गणीदारांच्या माना डोलताना बघायला मिळत. या दुसऱ्या गोष्टीची किंमत आकारलेली नसे, पण पैसे बरेचसे तिच्यासाठीच भरलेले असत. घरी एकट्याने इअरफोन लावून ऐकण्यात ती नाही.

कंपनीच्या कानावर विश्वास टाकणारा श्रोताही आपल्याकडे होऊन गेला. पुण्याच्या अलूरकरांकडची कॅसेट म्हटली की गायक फारसा माहीत नसला तरी उचलायची, असे लोक मी पाहिले आहेत. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स' काढली, तेव्हा हक्क कलाकाराकडे ठेवूनही विक्री करता येते हे दाखवलं. तिथेही सुटी विक्रीच होती. दुसऱ्या बाजूला सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवाँ' नावाचा पाच हजार गाणी भरलेला रेडिओसारखा डबा आणला. सगळी गाणी फुकट ऐकू येण्याच्या काळात लोकांनी आईवडिलांना भेट द्यायला हजारो रुपये मोजून तो घेतला. एकदाच पैसे, हातात वस्तू, नंतर कटकट नाही.

हे सगळं एकत्र ठेवून बघितलं की छोट्या प्रकाशकाने महिन्याच्या आपोआप वजावटीमागे धावू नये, असं माझं मत बनतं. त्याने वर्ष विकावं, आणि तेही कधीतरी. चार अल्बम, कुणाकुणाचे ते आधी जाहीर, एक छापील पुस्तिका, एक खासगी बैठक. यूपीआयने एकरकमी पैसे. दोनशे झाले की नावं घेणं बंद. पैसे वेगळ्या खात्यात, एकेक अल्बम पोचला की एक चतुर्थांश काढायचे. वर्ष संपलं की हिशेब मिटला. पुढच्या वर्षी सांगण्यासारखं काही असेल तर पुन्हा विचारायचं, नसेल तर गप्प बसायचं. यात 'वाढ' नाही, हे खरं, आणि बँकेतला माणूस या कागदावर कर्ज देणार नाही.

सब पॉपने सिंगल्स क्लब १९९३ मध्ये थांबवला. १९९८ मध्ये पुन्हा काढला, २००२ मध्ये पुन्हा थांबवला. २००८ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त तिसऱ्यांदा आला, तो सुरुवातीलाच बारा महिन्यांपुरता म्हणून जाहीर केलेला. मग दहा वर्षं काही नाही. २०१९ मध्ये चौथ्यांदा.